मोत्याबरोबर ग्रँड कॅन्यन

फीनिक्सहून निघतानाच मुलीने बजावलं होतं, "आई, मोत्या बरोबर आहे, म्हणजे कॅन्यन फक्त वरून बघायचा. खाली उतरायचा हट्ट धरायचा नाही." माझे गुडघे बघता हा हट्ट मी धरणार नव्हतेच. पण कुत्र्यांबाबतचा नियम तिथे खरोखरच कडक आहे. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर कुत्र्याला सहा फुटांच्या आतल्या पट्ट्याने बांधून हिंडवता येतं, काठाखाली मात्र एक पाऊलही टाकायचं नाही. उद्यानाच्या फुकट बसमध्येही त्याला मज्जाव.

गंमत म्हणजे काठाखाली उतरणाऱ्या ब्राइट एंजल वाटेवरून खेचरं माणसांना पाठीवर घेऊन जातात. खेचरांचा तांडा गोठ्याकडे परतत होता तेव्हा आम्ही मोत्याला कडेला घेऊन बसवलं. आमचा हा लॅब्रॅडॉर भुंकला नाही, नुसता जमिनीचा वास घेत राहिला. समोर मैलभर खोल दरी पसरलेली, त्याचं लक्ष लिदीवर.

दिवसातला सगळ्यात चांगला वेळ गेला तो कालमार्गावर. यावापाई भूगर्भ संग्रहालयापासून काठाकाठाने गावाकडे जाणाऱ्या फरसबंद वाटेत ब्राँझच्या खुणा ठोकल्या आहेत. एक मीटर चाललं की दहा लाख वर्षं मागे. कडेला दरीतलेच दगड मांडून ठेवलेत, हात लावून बघता येतात. पायाखालचा काठाचा चुनखडक साधारण सत्तावीस कोटी वर्षांपूर्वीचा, तो येतो पावणेतीनशे मीटरवर. तळाचा सर्वांत जुना खडक 184 कोटी वर्षांचा. तिथवर पोचेस्तो चांगली 1.84 किलोमीटरची रपेट होते. या हिशेबात आपली मानवजात जेमतेम फूटभर. कुत्रा माणसाळला त्याला पंधरा हजार वर्षं धरली, तर आमची आणि मोत्याची दोस्ती दीड सेंटिमीटरची! मोत्याने चाळीस कोटी वर्षांच्या आसपास पाय वर करायचा बेत केला होता. जावयाने वेळीच ओढला.

बसमधून हिंडलो असतो तर ही वाट आम्ही चाललोच नसतो. हर्मिट रस्ता मात्र हुकला. मार्च ते नोव्हेंबर तिथे खासगी गाड्या बंद असतात, म्हणजे बस नाहीतर पाय. त्याऐवजी गाडीने डेझर्ट व्ह्यूला गेलो. मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार बाईंनी 1932 मध्ये उभारलेला दगडी मनोरा तिथे आहे. आम्ही पाळीपाळीने आत गेलो, एक जण बाहेर मोत्यापाशी.

"केवढे हे नियम!" असं आधी माझ्याही तोंडून निघालं होतं. पण मग गीरचे सिंह आठवले. 2018 साली गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले, आणि त्यांतल्या काहींत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा मुळात कुत्र्यांचा आजार. 1994 मध्ये याच रोगाने सेरेंगेटीतले सुमारे एकतृतीयांश सिंह नेले होते. शिवाय कुत्र्याच्या नुसत्या वासानेही जंगलातली जनावरं जागा सोडतात. आपल्या बोरिवलीच्या उद्यानात पाळीव कुत्रा नेऊ देत नाहीत म्हणून फाटकावर हुज्जत घालणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. तिथे तर कुत्रा हे बिबट्याचं आवडतं खाणं आहे.

मुलाबाळांकडे अमेरिकेत जाणार असाल आणि त्यांच्या घरात कुत्रं असेल, तर मेनमधलं अकेडिया किंवा व्हर्जिनियातलं शेनान्डोआ ही उद्यानं निवडा. तिथल्या बहुतेक पायवाटांवर त्याला नेता येतं. ग्रँड कॅन्यनलाच जायचं, आणि खालीही उतरायचं असेल, तर दक्षिण काठावर कुत्र्यांना सांभाळायची सोय आहे. जागा आधी ठरवून ठेवा आणि लसीकरणाचे कागद विसरू नका.