मुका शागीर्द

गळीत हंगामातल्या रात्री श्रीपूरच्या साखर कारखान्याच्या वाटेवर गाडीवान कांबळे लपेटून निजलेला, कासरा सैल सुटलेला, आणि तरीही उसाच्या गाडीची बैलजोडी नेमक्या वळणावर वळून वजनकाट्याच्या रांगेत आपसूक उभी राहते, हे ज्याने पाहिले, तो जनावराला निर्बुद्ध म्हणण्यास सहसा धजणार नाही.

बर्लिनचा गणिती घोडा हान्स आकडे नव्हे, तर प्रश्नकर्त्याच्या सूक्ष्म हालचाली वाचतो, असे १९०७ मध्ये सिद्ध झाले. आमचा नंदीबैलही मान डोलावतो, ती मालकाच्या इशाऱ्यावरच. पण माणूस ओळखणे ही विद्या का लहान? सलग पाच तासांहून अधिक जुंपण्यास १९६५ च्या केंद्रीय नियमांनी केलेली मनाई दप्तरी न ठेवता अमलात आणावी, एवढी तरी दाद या शागिर्दाला मिळावी.