४के, १० बिट, लॉग... बुलढाण्यातून सिनेमा करायचा तर स्वस्त कॅमेऱ्यात नेमकं काय बघायचं?

२०२५ हे वर्ष गावाकडच्या मराठी सिनेमासाठी चांगलं गेलं. जानेवारीत 'साबर बोंडं'ला अमेरिकेच्या सनडान्स महोत्सवात जागतिक सिनेमा विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. मार्चमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात शूट झालेला जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' थिएटरमध्ये लागला. त्याआधी आठवडाभर 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' आला, ज्यात घरच्या साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर सिनेमे करणाऱ्या पोरांची गोष्ट आहे.

हे सगळं बघून चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूरकडच्या पोरांच्या डोक्यात एक प्रश्न हमखास येतो. 'आपणही करू, पण कॅमेरा कोणता घ्यायचा?'

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात बराच पैसा अडकलेला असतो. लेन्स, मेमरी कार्ड, जादा बॅटरी असं सगळं धरून नवशिक्याचा सेट ८० हजारांच्या घरात जातो. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे हा सेट झाला १५ क्विंटल सोयाबीनचा. चांगलं पिकलं तर दोन-तीन एकरांचा माल, तोही हमीभाव मिळाला तर. एवढ्या पैशात काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे आधी समजून घेतलेलं बरं.

४के म्हणजे चांगला व्हिडिओ?

जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात '४के' लिहिलेलं असतं. पण ४के म्हणजे फक्त चित्रात किती ठिपके आहेत त्याचा आकडा, ३८४० गुणिले २१६०. ते ठिपके कसे आहेत, हे त्यातून कळत नाही.

थिएटरमध्ये सिनेमा ज्या डिजिटल स्वरूपात जातो त्याला डीसीपी म्हणतात. २के डीसीपीची रुंदी असते फक्त २०४८ ठिपके, आणि आजही असंख्य सिनेमे २के मध्येच दाखवले जातात. २०१२ चा जेम्स बाँडपट 'स्कायफॉल' अ‍ॅरी अ‍ॅलेक्सा कॅमेऱ्यांवर शूट झाला होता. त्यांच्या सेन्सरमधून ४के पेक्षा कमी ठिपके मिळायचे. तरी तो मोठ्या पडद्यावर कुठे कमी पडला नाही.

मग आज २० हजारांच्या फोनमध्येही ४के मिळत असेल, तर फरक कशात आहे? तो आहे चार गोष्टींत. रंगांची खोली, उजेड-सावली सांभाळायची ताकद, फाइल किती दाबली जाते, आणि कॅमेरा हलला की चित्राचं काय होतं.

८ बिट आणि १० बिट म्हणजे काय?

८ बिट व्हिडिओत लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १० बिटमध्ये त्या १,०२४ होतात. म्हणजे एकूण रंग साधारण १ कोटी ६७ लाखांवरून १०० कोटींच्या पुढे जातात.

शूट केलेला व्हिडिओ आहे तसा दाखवायचा असेल तर ८ बिट पुरतं. अडचण येते एडिटिंगच्या टेबलावर. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा त्याचे फोटो-व्हिडिओ देशभर फिरले. अशा पाण्याचा गुलाबी रंग थोडा गडद करायला गेलं, किंवा संध्याकाळचं आभाळ जरा तांबूस करायला गेलं, की ८ बिट फाइलमध्ये रंगांचे पट्टे दिसायला लागतात. सलग उतरत जाणारा रंग पायऱ्या-पायऱ्यांचा होतो. १० बिटमध्ये रंग ओढायला जास्त जागा असते.

कापसाचं शेत आणि दुपारचं ऊन

दुसरी गोष्ट म्हणजे डायनॅमिक रेंज. एकाच फ्रेममधला सगळ्यात उजळ आणि सगळ्यात अंधारा भाग, दोन्हींतला तपशील कॅमेरा किती टिकवतो, याचं हे माप.

बुलढाण्यात कसोटी इथेच लागते. नोव्हेंबरच्या दुपारी फुटलेला पांढरा कापूस आणि झाडाखाली बसलेला, उन्हानं रापलेला माणूस एका फ्रेममध्ये घ्या. स्वस्त कॅमेरा कापूस सांभाळायला गेला तर चेहरा काळा पडतो. चेहरा सांभाळला तर कापसाचा नुसता पांढरा डाग होतो.

यावर उपाय म्हणून 'लॉग' नावाचं रेकॉर्डिंग असतं. त्यात चित्र मुद्दाम फिकं नोंदवतात आणि रंग नंतर भरतात. पण ८ बिटमध्ये लॉग वापरलं की वर सांगितलेले पट्टे जास्त दिसतात. म्हणून 'कॅमेऱ्यात लॉग आहे का?' एवढं विचारून भागत नाही, '१० बिटमध्ये आहे का?' हेही विचारावं लागतं.

लाखाच्या आतले कॅमेरे: कोण कुठे कमी पडतं?

या गटात तीन नावं जास्त ऐकू येतात. किमती ऑफरनुसार वर-खाली होतात, पण साध्या लेन्ससह तिन्ही लाखाच्या आत बसतात.

सोनी झेडव्ही-ई१० (२०२१): ऑटोफोकस पक्का, लेन्सचे पर्याय भरपूर. माइक आणि हेडफोन दोन्हींची जागा आहे. लॉग आहे, पण व्हिडिओ ८ बिट. ४के मध्ये सेकंदाला ३० फ्रेम घेतल्या तर चित्र कडेनं कापलं जातं, २५ घेतल्या तर पूर्ण रुंदी मिळते. कॅमेरा झटकन फिरवला की विजेचे खांब तिरके दिसतात. याला रोलिंग शटर म्हणतात आणि या कॅमेऱ्यात ते बरंच जाणवतं.

कॅनन आर५० (२०२३): ६के मधून तयार केलेलं ४के देतो, त्यामुळे चित्र धारदार. त्वचेचे रंग जास्त मेहनत न करता चांगले येतात. पण लॉग नाही, हेडफोन लावायला जागा नाही, आणि नेहमीच्या मोडमध्ये व्हिडिओ ८ बिटच.

निकॉन झेड३० (२०२२): ४के मध्ये चित्र कापलं जात नाही. एका दमात दोन तासांपर्यंत रेकॉर्डिंग होतं, म्हणून कीर्तन, तमाशा, नाटक यांसाठी सोयीचा. इथेही लॉग नाही, हेडफोनची जागा नाही आणि व्हिडिओ ८ बिट.

तिन्हींत बॉडीच्या आत सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा नाही. म्हणजे हातात धरून चालत शूट केलं की थरथर दिसणार.

पैसे थोडे वाढवता आले तर दोन वेगळ्या वाटा आहेत. ब्लॅकमॅजिक पॉकेट सिनेमा कॅमेरा ४के (२०१८) हा खरोखर सिनेमासाठी बनवलेला. कच्च्या स्वरूपातलं रॉ रेकॉर्डिंग, १३ स्टॉपची डायनॅमिक रेंज, सोबत डाविंची रिझॉल्व्हची पूर्ण आवृत्ती. पण चालत्या माणसाच्या मागे जाणारा ऑटोफोकस नाही, बॅटरी लवकर संपते आणि फाइल्स अवाढव्य. दुसरी वाट सेकंडहँड पॅनासोनिक जीएच५ ची. २०१७ चा कॅमेरा, पण १० बिट व्हिडिओ आणि सेन्सरची स्थिरता दोन्ही आहेत. अंधारात आणि ऑटोफोकसमध्ये मात्र तो मागे पडतो.

जिल्ह्याची हवा हाही एक मुद्दा

घाटाखाली, म्हणजे शेगाव, नांदुरा, मलकापूर पट्ट्यात एप्रिल-मे मध्ये पारा सहज ४० च्या वर जातो. बहुतेक कंपन्या कॅमेरा ४० अंशांपर्यंतच वापरायला सांगतात. लहान बॉडीचे कॅमेरे ४के मध्ये आधीच तापतात, उन्हात ठेवले तर सीन चालू असताना बंद पडतात. छत्री, सावली आणि छोटे टेक यांचं नियोजन आधी करावं लागतं.

रात्रीच्या सीनसाठी एक सोपा नियम आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की ट्यूबलाइट आणि बहुतेक एलईडी बल्ब फडफडत नाहीत. यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून १/६० ठेवणाऱ्यांची फसगत इथेच होते, कारण तिकडची वीज ६० हर्ट्झची आहे.

लोणारला शूट करायचं असेल तर आणखी एक गोष्ट. तो भाग अभयारण्य आहे, त्यामुळे वनविभागाची परवानगी आधी काढावी लागते. ड्रोनचे नियम वेगळे.

मेमरी कार्डाचा हिशोब कोणीच सांगत नाही

सेकंदाला १०० मेगाबिट या वेगानं रेकॉर्डिंग केलं तर एका तासाला ४५ जीबी लागतात. १५ मिनिटांची शॉर्टफिल्म, प्रत्येक मिनिटासाठी १० मिनिटं शूट, म्हणजे अडीच तास. झाले ११२ जीबी. कार्ड किंवा डिस्क कधीही दगा देते म्हणून दुसरी प्रत ठेवायची, तर २२५ जीबी. रॉ मध्ये शूट केलं तर हा आकडा कित्येक पटींनी वाढतो. १० बिट फाइल साध्या लॅपटॉपवर अडखळते, तो खर्च आणखी वेगळा.

मग फोनवरच का नाही?

शॉन बेकर यांनी 'टँजरिन' आयफोन ५एस वर शूट केला आणि २०१५ मध्ये तो सनडान्सला गेला. डॅनी बॉईल यांचा २०२५ चा '२८ इयर्स लेटर' मोठ्या प्रमाणात आयफोन १५ प्रो मॅक्सवर झाला. ही उदाहरणं खरी आहेत, पण अर्धीच सांगितली जातात. दोन्हीकडे फोनला जादा लेन्स लावल्या होत्या. बॉईल यांच्याकडे तर फोनच्या मागे पूर्ण हॉलिवूडचं युनिट उभं होतं. २०२३ चा 'द क्रिएटर' सोनी एफएक्स३ या तुलनेनं स्वस्त कॅमेऱ्यावर झाला, पण सिनेमाचं बजेट सुमारे ८ कोटी डॉलर होतं. पैसा गेला प्रकाशयोजना, लोकेशन आणि व्हीएफएक्सवर.

आपल्याकडचं उदाहरण 'ख्वाडा'चं. भाऊराव कऱ्हाडे यांच्या या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारांत ज्युरींची विशेष दखल मिळाली, आणि दुसरा पुरस्कार मिळाला तो जागेवरच्या ध्वनिमुद्रणाला. प्रेक्षक थोडं धूसर चित्र चालवून घेतो. संवाद ऐकू आला नाही तर उठून जातो. कॅमेऱ्यावरचा माइक चार फुटांपलीकडे वाराच जास्त पकडतो, त्यामुळे वेगळा रेकॉर्डर आणि कॉलर माइक आधी हवा.

विकत घ्यायचा की भाड्यानं?

एक पर्याय जिल्ह्यात डोळ्यासमोर असूनही दिसत नाही. लग्नांचं शूटिंग करणारे प्रत्येक तालुक्यात आहेत आणि त्यातल्या अनेकांकडे या यादीपेक्षा भारी कॅमेरे असतात. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त जवळपास नसतात, कॅमेरे कपाटात पडून असतात. शेतं हिरवीगार असतात, घाटाला धबधबे लागतात, ऊन मऊ असतं. तेव्हा चार-पाच दिवसांसाठी कॅमेरा, आणि जमलं तर तो चालवणारा माणूसही, भाड्यानं किंवा भागीदारीत मिळू शकतो.

पहिलीच शॉर्टफिल्म असेल तर गणित असं बसतं. कॅमेरा भाड्याचा किंवा हातातला फोन, पैसे आवाजावर आणि युनिटच्या जेवणावर. वर्षभर यूट्यूबचं काम करून कमाई होणार असेल तर वरच्या तीनपैकी एक घ्यायला हरकत नाही. महोत्सवासाठी रंगांवर बारीक काम करायचं असेल तर १० बिटच्या खाली उतरू नये. आणि दुकानात पाऊल टाकण्याआधी त्याच मॉडेलवर एक दिवस दुपारी शेतात, एक दिवस रात्री घरातल्या बल्बखाली शूट करून, ती फाइल आपल्याच लॅपटॉपवर उघडून बघावी. १५ क्विंटल सोयाबीन विकण्याआधी एवढी तपासणी कमीच म्हणायची.