किराण्याच्या वहीत डाळ किती?



आम्ही कारकून माणूस. दिवसभर कचेरीचे हिशोब लिहितो आणि रात्री घरचा किराणा वहीत मांडतो. पै-पैचा मेळ बसला की समाधान वाटायचे. मुलीच्या शाळेत आरोग्य तपासणी झाली, तिचे हिमोग्लोबिन ८ निघाले आणि ते समाधान गेले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या व विचारले, "घरी काय खाता?" आम्ही म्हणालो, "पोटभर खातो."

त्या रात्री वही पुन्हा उघडली. रेशनचा गहू-तांदूळ, तेल, साखर, चहापत्ती. रोज पाच रुपयांचे दोन बिस्किटपुडे; दिवसाचे दहा रुपये जाणवत नाहीत, पण महिन्याचे ३०० होतात. आणि तूरडाळ एक किलो, खाणारी माणसे पाच. भागाकार केला. माणशी दिवसाला सात ग्रॅमही डाळ नाही! आमचे वरण म्हणजे हळदीचे पाणीच होते.

अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो व अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हा आपला हक्क आहे, तो सोडू नये. पण गहू-तांदळाने भूक भागते, डाळीची जागा भरत नाही. धान्यावर वाचलेला पैसा पुड्यांवर न जाता डाळीवर गेला पाहिजे.

अकोल्याकडे गावी गेलो तेव्हा आई म्हणाली, "पोरीले पुडेच चारता का रे बाबू?" तिच्या काळी ज्वारीची भाकर, अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या आणि जवसाची चटणी असे. त्या काळच्या गरिबीचे गोडवे आम्ही गात नाही. पण पांढऱ्या तांदळापेक्षा ज्वारीत लोह कितीतरी अधिक, हे खरे. आता वऱ्हाडात शेतोशेती सोयाबीन आले आणि ज्वारी विकत घ्यावी लागते. म्हणून आम्ही आठवड्यातून दोनदा तरी भाकर ठरवली.

बिस्किटांचे ३०० रुपये हरभरा, मठ, बरबटी आणि शेंगदाण्यांकडे वळवले. कडधान्य रात्री भिजवून मोड आणतो. शाळेच्या डब्यासोबत फुटाणे-गूळ देतो. गहू दळायला देताना किलोमागे १०० ग्रॅम सोयाबीन घालतो; मात्र ते आधी चांगले भाजून घ्यावे, कच्चे पचत नाही. आठवड्यातून दोनदा अंडी. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात.

पावसाळ्यात तरोटा व अंबाडी मिळते. मुनग्याचा पाला तर शेजारी मागितला तरी मिळतो. अशा भाजीवर लिंबू पिळले की लोह अंगी लागते. उलट जेवणासोबत चहा घेतला तर लोह वाया जाते. चहा तासभर नंतर घ्यावा. घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई असेल, सहा वर्षांखालील मूल असेल, तर अंगणवाडीत नाव नोंदवून पूरक आहार घ्यावा. त्यात लाज कसली?

पण एक गोष्ट आमच्या वहीत कुठेच नव्हती. आम्ही व मुलगा आधी जेवायचो. पत्नी, मुलगी मागाहून. तळाशी उरलेले वरण त्यांच्या वाट्याला. डाळ आणायचे पैसे कमी होते हे खरे, पण जी होती तीही सारखी वाटली जात नव्हती. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. समतेवर भाषणे देणाऱ्या आमच्या घरातही तेच चालले होते, हे लिहिताना संकोच वाटतो.

आता सगळे एकत्र बसतो आणि वरण पळीने मोजून वाढतो. चार महिन्यांनी मुलीचे हिमोग्लोबिन साडेदहा झाले. गोळ्या चालूच होत्या; एकट्या डाळीला आम्ही श्रेय देत नाही.

आज रात्री आपणही महिन्याच्या डाळीला घरच्या माणसांनी आणि तीस दिवसांनी भागून पाहा. आणि शेवटी कोण जेवते, तेही पाहा.