ओल्या रेतीतील सोन्याचा मालक कोण?

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या समुद्रातून २०२५ च्या उन्हाळी मोहिमेत चांदीची हजाराहून अधिक आणि सोन्याची मोजकी नाणी वर काढण्यात आली. त्यांची किंमत दहा लाख डॉलरच्या घरात सांगितली गेली. तीनशे वर्षांपूर्वी बुडालेल्या स्पॅनिश ताफ्याची ही नाणी. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्यांची छायाचित्रे कौतुकाने छापली. मात्र याच किनाऱ्यावरील आणखी एक बातमी, जी त्याआधी वर्षभर, म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये आली होती, ती या कौतुकात मागे पडली. राज्याच्या वन्यजीव विभागाने 'एफबीआय'च्या साहाय्याने त्याच ताफ्यातील ३७ सुवर्णनाणी हस्तगत केली होती. ही नाणी समुद्रातून नव्हे, तर माणसांकडून परत मिळवावी लागली. २०१५ मध्ये सापडलेल्या १०१ सुवर्णनाण्यांपैकी ५१ ची नोंद झाली आणि ५० दडवली गेली, असे तपास यंत्रणांचे म्हणणे आहे. दडवलेल्यांपैकी तीन नाणी २०१६ मध्ये पुन्हा समुद्रतळावर नेऊन ठेवण्यात आली. ती 'नव्याने सापडली' असे भासावे आणि मोहिमेत पैसे गुंतवणारे खूश व्हावेत, हा हेतू. एका छायाचित्रात दडलेल्या स्थळ-काळाच्या नोंदीवरून या प्रकाराला वाचा फुटली.

शोधण्याचा रीतसर परवाना हाती असताना शोधणाऱ्याला माल दडवावासा का वाटतो? समुद्राने परत दिलेल्या वस्तूवर नेमका हक्क कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर निरनिराळ्या देशांनी कसे दिले आहे, हे पाहिल्याखेरीज याचा उलगडा होत नाही. आणि तो उलगडा केवळ फ्लोरिडापुरता नाही. गिरगाव चौपाटीपासून आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत तो लागू पडतो.

३१ जुलै १७१५ च्या पहाटे हवानाहून स्पेनकडे निघालेल्या बारा जहाजांपैकी अकरा जहाजे चक्रीवादळात सापडून फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर फुटली. हजाराच्या आसपास माणसे बुडाली. स्पॅनिशांनी पुढे काही वर्षे तळ ठोकून बराच माल उपसला, चाचांनी त्यांच्या तळावर धाड घालून त्यातला काही लुटला आणि मग सारे विस्मृतीत गेले. विसाव्या शतकाच्या मध्यास किप वॅगनर नावाच्या एका बांधकाम व्यावसायिकाला वादळानंतर किनाऱ्यावर काळवंडलेली चांदीची नाणी मिळू लागली. त्याने महायुद्धानंतर मोडीत निघालेले एक सुरुंगशोधक यंत्र विकत घेतले आणि त्याच्या आधारे प्रथम वाचलेल्या खलाशांच्या छावणीची जागा व नंतर बुडालेली जहाजे शोधून काढली. सुरुंग हुडकून माणसांचे प्राण वाचवण्यासाठी एका पोलिश अधिकाऱ्याने सिद्ध केलेले आणि १९४२ मध्ये एल अलामीनच्या वाळवंटात वापरले गेलेले हे यंत्र असे नाणी शोधण्याच्या कामी आले. आज त्याचीच सुधारित आवृत्ती हाती घेऊन हजारो हौशी लोक जगभरच्या किनाऱ्यांवर गुडघाभर-कंबरभर पाण्यात फिरताना दिसतात.

पाण्यात उतरण्याचे कारण साधे आहे. अंगठ्या हरवतात त्या तेथेच. थंड पाण्यात बोटे आकसतात, अंगाला चोपडलेल्या मलमाने ती निसरडी होतात, लाटेच्या धक्क्याने हात झटकला जातो आणि अंगठी निसटते. वाळूच्या कणाची घनता पाण्याच्या अडीच पटींहून थोडी अधिक, तर सोन्याची एकोणीस पटींहून अधिक. त्यामुळे लाट वाळू उचलून नेते, सोने मात्र जागच्या जागी खाली खाली बसत जाते आणि शंखशिंपल्यांच्या किंवा चिकणमातीच्या घट्ट थरापाशी थांबते. किनारा आणि त्यापुढचा वाळूचा दांडा यांच्यामध्ये जो चर तयार होतो, तेथे जड वस्तू गोळा होतात. वादळाने वरची वाळू खरवडून नेली की वर्षानुवर्षे दडलेला हा थर यंत्राच्या पल्ल्यात येतो. हा पल्ला नाण्याएवढ्या वस्तूसाठी जेमतेम वीतभर किंवा त्याहून थोडा जास्त असतो. मुरलेले शोधक म्हणूनच भरतीचे कोष्टक आणि वाऱ्याची दिशा पाहून घराबाहेर पडतात.

खारे पाणी स्वतःच वीजवाहक असल्याने साधे यंत्र तेथे गोंधळते. यावर तोडगा म्हणून विजेचा क्षणिक झोत सोडून, खाऱ्या पाण्याचा प्रतिसाद विरेपर्यंत थांबून, मग धातूचा मागे रेंगाळणारा प्रतिसाद टिपणारी यंत्रे आली. त्यांना मिठाची बाधा नाही. पण लोखंडाचा खिळा आणि सोन्याची अंगठी यांतला फरक त्यांना नीटसा कळत नाही. एकाच वेळी अनेक कंप्रता वापरणारी यंत्रे हा फरक बऱ्यापैकी ओळखतात, तरी शीतपेयाच्या डब्याचे ॲल्युमिनियमचे झाकण आणि अंगठी यांच्या बाबतीत तीही फसतात. त्यामुळे लांब दांड्याच्या जाळीदार फावड्यात दिवसभराच्या श्रमानंतर बहुधा झाकणे, खिळे आणि चार चलनी नाणीच येतात. धनाढ्य होण्याचा हा मार्ग नव्हे. तरीही एखाद्या दिवशी फावड्यात आतल्या बाजूला नावे कोरलेली अंगठी येते, एखाद्या दिवशी राजाचा मुखवटा असलेले नाणे येते आणि कायद्याचा प्रश्न त्या क्षणी सुरू होतो.

या दोन वस्तूंबाबत कायदा एकाच सुरात बोलत नाही. अंगठी हरवलेली वस्तू आहे. तिचा मालक जिवंत असण्याचा संभव मोठा. भारतात पूर्वीच्या दंड संहितेचे ४०३ वे आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ३१४ वे कलम सांगते की, सापडलेली वस्तू मालकाला परत करण्यासाठी उचलणे हा गुन्हा नाही. मात्र मालकाचा शोध घेण्याचे वाजवी प्रयत्न न करता ती आपलीशी करणे हा गुन्हा आहे. 'सापडले ते माझे' हे बालपणीचे सूत्र कायद्याला मान्य नाही, ही गोष्ट बहुतेकांच्या गावीही नसते. जुन्या नाण्याला मात्र हयात मालक नसतो. त्यावर हक्क सांगायला राज्यसंस्था, जमिनीचा धनी आणि शोधणारा असे तिघे उभे राहतात.

फ्लोरिडाने या तिघांमध्ये पाण्याची रेघ ओढली. कोरड्या सार्वजनिक रेतीवर हौशी माणसाला यंत्र फिरवण्याची बहुतेक ठिकाणी मुभा आहे. पाण्याखालचा तळ मात्र राज्याचा. १७१५ च्या ताफ्याचे अवशेष जेथे विखुरले आहेत, तेथील ताबा संघराज्याच्या न्यायालयाने एका खासगी कंपनीकडे सोपवला आहे. तिच्याशी करार करूनच तेथे शोध घेता येतो, सापडलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद करावी लागते आणि त्यातील वीस टक्क्यांपर्यंतचा वाटा राज्य आपल्या संग्रहालयासाठी निवडू शकते. कागदावर व्यवस्था चोख दिसते. पण तिच्यात शोधणाऱ्याचे उत्पन्न फक्त सापडलेल्या मालाच्या वाट्यातून येते. राज्याचा हिस्सा, कंपनीचा हिस्सा, बोटीचा व इंधनाचा खर्च वजा जाता हाती उरते ते थोडे. दडवलेले नाणे मात्र पूर्ण आपले. २०१५ मध्ये जे घडल्याचा आरोप आहे, त्याची बीजे या हिशेबातच होती.

इंग्लंड व वेल्सने वेगळी वाट धरली. १९९६ चा 'ट्रेझर ॲक्ट' पुढील वर्षी अमलात आला. निधीच्या व्याख्येत बसणारी वस्तू सापडल्यास चौदा दिवसांत कळवणे बंधनकारक आहे. संग्रहालयाला ती हवी असल्यास तिची बाजारातील पूर्ण किंमत एक स्वतंत्र समिती ठरवते आणि ती रक्कम सामान्यतः शोधणारा व जमीनमालक यांच्यात निम्मी-निम्मी विभागली जाते. २०२३ मध्ये या व्याख्येत दोनशे वर्षांपूर्वीच्या विशेष महत्त्वाच्या धातुवस्तूंचीही भर पडली. जहाजबुडीतून आलेली वस्तू असेल तर २८ दिवसांत त्यासाठीच नेमलेल्या अधिकाऱ्याला कळवायचे. तेथेही शोधणाऱ्याच्या मेहनतान्याची तरतूद आहे. याच्या जोडीला १९९७ पासून ब्रिटिश म्युझियमच्या पुढाकाराने जी योजना चालते, ती अधिक महत्त्वाची. निधीच्या व्याख्येत न बसणारी किरकोळ बक्कलेही लोक स्वेच्छेने अधिकाऱ्याला दाखवतात, त्यांची नोंद होते आणि वस्तू परत मिळते. अशा दहा लाखांहून अधिक वस्तू आज नोंदल्या गेल्या आहेत. चोरटे तेथेही आहेत आणि प्रामाणिक शोधकाच्या खणण्यानेही संदर्भ विस्कटतो, ही पुरातत्त्वज्ञांची तक्रार रास्त आहे. पण नोंद करणे हे शोधणाऱ्याच्या तोट्याचे नाही, एवढे त्या व्यवस्थेने साधले.

आपल्याकडे यंत्राची हौस फारशी नाही. शोध मात्र आहे आणि तो पोटासाठी आहे. नदीच्या घाटांवर आणि पुलांखाली दोरीला चुंबक बांधून भाविकांनी टाकलेली नाणी वेचणारी मुले अनेकांनी पाहिली असतील. आपली अलीकडची नाणी पोलादी असल्याने चुंबकाला चिकटतात. हरिद्वारला वार्षिक दुरुस्तीसाठी गंगेच्या कालव्याचे पाणी तोडले की उघड्या पडलेल्या पात्रात माणसांची झुंबड उडते. गणपतीच्या अंगावरचा दागिना काढायचा राहून मूर्तीचे विसर्जन होते आणि मग पाण्यात चाचपडणे सुरू होते, असेही दरवर्षी कोठे ना कोठे घडते. नोव्हेंबर २०२० मध्ये 'निवार' चक्रीवादळानंतर आंध्र प्रदेशातील उप्पाडा येथे किनाऱ्यावर सोन्याचे मणी सापडू लागल्याच्या वार्तेने सारे गाव रेती चाळू लागले. समुद्राने गिळलेल्या जुन्या देवळांचे व घरांचे हे सोने, असे तेथील लोक सांगतात. त्या किनाऱ्याची धूप ध्यानात घेता ते अशक्य नाही.

अशा वस्तूंना लागू होणारा आपला मुख्य कायदा १८७८ चा आहे. भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची कोणतीही वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवून ती सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा तारण द्यावे लागते. कळवले नाही तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. समुद्र हा कायदा करणाऱ्यांच्या नजरेसमोर नव्हताच. लाटेने दररोज हलवलेल्या रेतीतील नाणे 'जमिनीत दडलेले' म्हणावयाचे काय, यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा. पण शोधणाऱ्याच्या दृष्टीने कायद्याचे मर्म पुढेच आहे. कळवल्यावर दावेदारांसाठी चार ते सहा महिन्यांची मुदत द्यावी लागते. वस्तू बेवारस ठरली तर जागेच्या मालकाला एक चतुर्थांश आणि शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश, ही विभागणी उदारच म्हणावी लागेल. परंतु सरकारला ती वस्तू हवी असल्यास मोबदला ठरतो तो निव्वळ धातूच्या किमतीवर, आणि वर एक पंचमांश.

म्हणजे कायदा नाणे तोलतो, वाचत नाही. सातवाहनांचे दुर्मीळ नाणे असो की ठोकळा चांदी, भाव वजनाचा. किनाऱ्यावरच्या कोळ्याला किंवा घाटावरच्या पोराला हे कलम ठाऊक नसले तरी व्यवहार ठाऊक असतो. गल्लीतला सराफ वजनाचा भाव त्याच दिवशी रोख देतो आणि वस्तू कोठून आणली हे विचारत नाही. सरकार त्याहून पाचवा हिस्सा अधिक देणार, पण कित्येक महिन्यांनी, अर्ज, जबाब आणि पोलिसांच्या संशयी नजरेनंतर. अशा स्थितीत वस्तू मुशीत गेली तर आश्चर्य कसले? २०२५ मध्ये सोन्याने दहा ग्रॅममागे एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडल्यानंतर तर मुशीचे आकर्षण वाढलेच असणार. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच्या नाण्यास पुरावस्तू ठरवून ते देशाबाहेर नेण्यास प्रतिबंध केला. देशातल्या देशात वितळवल्या जाणाऱ्या नाण्याचे रक्षण त्याने कसे व्हावे?

नुकसान नाण्याच्या किमतीचे नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मुरगावनजीकच्या सुंची खडकापाशी, अवघ्या काही मीटर खोल पाण्यात, सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचे अवशेष अभ्यासले. तोफा, चिनी भांड्यांचे तुकडे, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात अशा वस्तू जागच्या जागी पाहता आल्यामुळेच आफ्रिका, गोवा आणि चीन यांना जोडणाऱ्या व्यापाराचे चित्र त्यांतून उभे राहिले. हेच दात सुटे होऊन बाजारात आले असते तर त्यांना केवळ वजन उरले असते. कोकणपट्टीवर चौल, दाभोळ, वसई, सोपारा अशी शतकानुशतके गजबजलेली बंदरे होती. तेथील उथळ पाण्यात काही नसेल असे मानणे कठीण आहे आणि स्वस्त जलरोधक यंत्रे आता घरबसल्या मागवता येतात.

कायद्यात बदल करायचा तर तो कठीण नाही. धातूच्या किमतीऐवजी वस्तूची खरी किंमत तज्ज्ञांकडून ठरवणे, प्रत्येक सागरी जिल्ह्यात नोंद घेणारा एक अधिकारी नेमणे, किरकोळ वस्तू नोंदवून परत देणे आणि समुद्रतळाचा स्पष्ट उल्लेख करणे, एवढ्याने निम्मे काम होईल. तळावर प्रत्यक्ष खणण्याला मात्र बंदीच हवी. दहा रुपयांच्या मर्यादेचेही काही करावे लागेल. १८७८ मध्ये दहा रुपये म्हणजे दहा तोळे वजनाची चांदीची नाणी होती. आजच्या भावाने त्यात एक मिलिग्रॅम सोनेही येत नाही. उप्पाड्याच्या रेतीतून मोहरीएवढा मणी वेचणारी बाई या हिशेबाने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवण्यास बांधील ठरते.