खिडकीजवळची जागा धाकट्याला द्या



दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी लागली, की नांदेड आणि लातूरची बसस्थानके आणि रेल्वे स्थानके माणसांनी फुलून जातात. कोणी पुण्याला मामाकडे निघतो, कोणी मुंबईला काकांकडे, तर कोणी तुळजापूरला दर्शनाला. नांदेडहून मुंबईला जाणारी तपोवन एक्स्प्रेस सकाळी निघते आणि रात्री पोचते. अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस तर दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतर तोडते. तिला जवळजवळ दीड दिवस लागतो. या सगळ्या गाड्यांतून तुमच्याबरोबर तुमची धाकटी भावंडेही प्रवास करतात. त्यांचा पहिला अर्धा तास मोठ्या मजेत जातो. मग चुळबुळ सुरू होते. "आई, कधी येणार आपलं गाव?" हा प्रश्न दर पाच मिनिटांनी येऊ लागतो. नंतर भूक, नंतर तहान, नंतर रडे!

अशा वेळी हल्ली एक सोपा उपाय केला जातो. मुलाच्या हाती मोबाईल दिला जातो. मूल लगेच गप्प बसते. आई सुटकेचा श्वास सोडते, शेजारचे प्रवासीही खूश होतात. यात आईला दोष देण्याचे मुळीच कारण नाही. पहाटे उठून दशम्या केलेल्या, मांडीवर एक आणि शेजारी एक मूल सांभाळत गर्दीच्या एस.टी.त बसलेल्या बाईने आणखी किती करायचे? तरीही माझे मत असे आहे, की हा उपाय चुकीचा आहे, आणि त्याहून चांगला उपाय त्याच गाडीत, त्याच बाकावर बसलेला असतो. तो उपाय म्हणजे तुम्ही स्वतः!

मोबाईलबद्दल माझी पहिली तक्रार अगदी साधी आहे. तो नेमका प्रवासातच त्रास वाढवतो. कसा, ते पाहण्यासाठी एक प्रयोग करू. पाण्याची पारदर्शक बाटली घ्या. ती जवळजवळ काठोकाठ भरा, थोडीच हवा आत राहू द्या आणि झाकण घट्ट लावा. आता बाटली गाडीच्या दिशेने मांडीवर आडवी धरा. आत हवेचा एक बुडबुडा दिसेल. धाकट्याला विचारा, "गाडी सुरू झाली, की हा बुडबुडा पुढे जाईल, की मागे?" त्याला आधी अंदाज करू द्या. बहुतेक मुले म्हणतील, मागे. पण गाडीने वेग घेतला, की बुडबुडा पुढे पळतो आणि चालकाने ब्रेक दाबला, की मागे येतो! कारण असे, की पाणी जड असते. गाडी पुढे निघाली तरी जडत्वामुळे ते मागे राहू पाहते आणि हलक्या बुडबुड्याला पुढे सारते. न्यूटनचा गतीविषयक पहिला नियम तुम्ही पुस्तकात वाचला असेल. तो इथे तुमच्या मांडीवर खेळत असतो.

अशाच बाटल्या आपल्या कानातही आहेत. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. डोके वळले, की तो द्रव मागे रेंगाळतो आणि 'आपण वळत आहोत' असा संदेश मेंदूला जातो. बस घाटात वळते, खड्ड्यात आदळते, तेव्हा कान मेंदूला सांगतात, की आपण हलत आहोत. पण डोळे जर हातातल्या पडद्यावर खिळलेले असतील, तर ते सांगतात, की समोरचे सारे स्थिर आहे. हे दोन परस्परविरोधी संदेश मिळाले, की मेंदू गोंधळतो आणि पोटात ढवळू लागते. यालाच आपण 'गाडी लागणे' म्हणतो. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना हा त्रास क्वचित होतो. पण दोन ते बारा या वयात तो सर्वांत जास्त आढळतो. मूल खिडकीतून दूरवर पाहू लागले, की डोळे आणि कान यांची साक्ष पुन्हा जुळते. म्हणून गाडी लागणाऱ्या मुलाला पुढच्या बाजूला, खिडकीजवळ बसवावे, त्याला मोकळी हवा मिळू द्यावी आणि निघण्यापूर्वी फार जड खायला देऊ नये. मोबाईल हाती देणे म्हणजे नेमके उलट करणे होय.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये लहान मुलांसाठी काही सूचना प्रसिद्ध केल्या. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसातून एक तासाहून अधिक दाखवू नये, असे त्यांत सांगितले आहे. मूल बसलेले असेल तेव्हा त्याला मोठ्यांनी वाचून दाखवावे, गोष्टी सांगाव्यात, असेही त्यांत म्हटले आहे. याचे कारण उघड आहे. मूल बोलायला शिकते ते त्याच्याशी बोलणाऱ्या माणसाकडून. ते विचारते, आपण उत्तर देतो, त्यावर ते पुन्हा विचारते. पडद्यावरचे चित्र कितीही सुंदर असले, तरी मुलाने मध्येच काही विचारले, तर ते थांबून उत्तर देत नाही. मग हळूहळू मूल विचारायचेच थांबते. प्रवासात गप्प बसलेले मूल आपल्याला शहाणे वाटते. पण त्या दहा तासांत त्याच्या तोंडून एकही 'का?' निघाला नसेल, तर तो आपला तोटा आहे.

आणि आपल्या मुलखात 'का?' विचारण्याजोगे काय कमी आहे? नांदेडहून लोहा, अहमदपूरमार्गे लातूरला येणारा रस्ता पाहा. बालाघाटच्या रांगांतले डोंगर दिसू लागले, की एखादे चिमुरडे हमखास विचारते, "दादा, या डोंगराचं डोकं कुणी कापलं?" प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, तो भूगर्भशास्त्राचा प्रश्न आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वाहिला. एकावर एक थर साचले, थंड झाले आणि त्यांचा काळा बेसॉल्ट खडक बनला. मऊ थर झिजून गेले, वरचा कठीण थर टिकला आणि डोंगराचा माथा सपाट राहिला. चार वर्षांच्या मुलाला एवढे सांगायचे नसते. त्याला म्हणावे, "आईनं धपाट्यांची चवड रचली आहे बघ, तसे हे दगडाचे थर आहेत." आणि मग कापसाच्या, तुरीच्या शेतातली काळी माती दाखवून सांगावे, की ही त्याच दगडाची झिजून झालेली माती आहे.

दुसरा प्रश्न रात्रीच्या प्रवासात ठरलेला. "ताई, चंद्र आपल्याबरोबर का येतो?" उत्तर देण्याआधी दिवसा एक गंमत दाखवून ठेवा. रस्त्याकडेचे खांब सर्रकन मागे पळतात, शेतातले झाड सावकाश मागे सरते आणि दूरचा डोंगर बराच वेळ आपल्या सोबत राहतो. वस्तू जितकी दूर, तितकी ती कमी सरकल्यासारखी दिसते. चंद्र तर सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. आपण लातूरहून पुण्याला पोचलो, तरी त्या अंतरापुढे ते काहीच नाही. म्हणून तो जागचा हललेला दिसत नाही. याच गमतीचा उपयोग करून बेसेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचे अंतर काढले. त्याची गाडी होती आपली पृथ्वी! ती सहा महिन्यांत सूर्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते. तेवढ्या प्रवासात जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. खिडकीत बसलेले मूल आणि वेधशाळेत बसलेला बेसेल यांचा प्रश्न एकाच जातीचा आहे.

प्रत्येक वयाला वेगळा खेळ लागतो, हे मात्र ध्यानात ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाला कुशी, दूध आणि झोप एवढेच हवे असते. तीन-चार वर्षांच्या मुलाला एकच वस्तू शोधायला सांगा: पांढरे बैल, किंवा तारेवर बसलेले कोतवाल. दुभंगलेल्या शेपटीचा हा काळा पक्षी ते एकदा ओळखू लागले, की पुढे तुम्हालाच दाखवते. पाच-सहा वर्षांच्या मुलाबरोबर डोळे मिटून ऐकण्याचा खेळ खेळा. रूळ पूर्वी १२-१३ मीटर लांबीचे असत आणि प्रत्येक सांध्यावर चाकांची खडखड होई. आता ते जोडून लांबच लांब केले जातात, म्हणून गाडी बरीच शांत धावते. पण स्थानक जवळ आले, रूळ बदलले, की खडखडाट वाढतो आणि पुलावर आवाज पोकळ होतो. "पूल आला!" असे डोळे न उघडता ओळखणाऱ्याला एक शेंगदाण्याची चिक्की!

सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाती घड्याळ द्या. रस्त्यावरच्या एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद लागले, ते त्याला मोजू द्या. ३,६०० ला त्या आकड्याने भागले, की ताशी वेग निघतो. ६० सेकंद लागले तर ताशी ६० किलोमीटर, ७२ लागले तर ५०, आणि ९० लागले तर ४०. भागाकार तुम्ही करा, मोजणी त्याची. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग आणि हिरवा असेल तर राज्य महामार्ग, हेही त्याला सांगा. मग "कधी येणार आपलं गाव?" हा प्रश्न तो तुम्हाला विचारणार नाही, उत्तर तोच आईला देईल.

लातूरकरांना तर आपल्या रुळांचीच गोष्ट सांगता येईल. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली. तिच्या दोन रुळांतले अंतर होते फक्त ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. २००८ पर्यंत लातूर ते कुर्डुवाडी हा मार्ग रुंद झाला आणि हे अंतर १,६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट झाले. फलाटावर दोरी धरून दोन्ही मापे मुलाला दाखवा. आणि हेही सांगा, की २०१६ च्या दुष्काळात एप्रिल महिन्यात मिरजेहून पाण्याची गाडी आली, ती याच रुंद रुळांवरून. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. म्हणजे एका वाघिणीत पन्नास हजार लिटर. पंधरा लिटरची एक घागर धरली, तर किती घागरी होतील? तीन हजारांहून अधिक! रोज दहा घागरी पाणी लागणाऱ्या घराला एक वाघीण किती दिवस पुरेल, ते तुम्ही काढा. उत्तर वर्षाच्या जवळपास येईल. हातातल्या बाटलीतले पाणी सांडू नये, हे त्या दिवशी मुलाला वेगळे शिकवावे लागणार नाही.

कोणी म्हणेल, "आम्हालाही सुटीत आराम हवा. दहा तास कोण बडबडणार?" दहा तास बोलायला कोणी सांगत नाही. मुलाने काही वेळ नुसते बाहेर पाहत बसावे, कंटाळावे, झोपावे. त्यात बिघडत काहीच नाही. कंटाळा आला, की मूल स्वतःच चिंचोके मांडते, तिकिटाची होडी करते. प्रवास फारच लांबला, रात्र झाली, मूल काही केल्या ऐकेना, आणि गाडी लागत नसेल, तर थोडा वेळ एखादे चित्र दाखवले म्हणून आभाळ कोसळणार नाही. माझा आग्रह क्रमाविषयी आहे. आधी माणूस, मग खिडकी, मग खेळ. पडदा सर्वांत शेवटी.

आणखी एक गोष्ट. धाकट्याला सांभाळणे हे ताईचे काम, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. दादा वरच्या बाकावर झोपतो आणि ताई खाली रडणाऱ्या भावाला खेळवते. हे बरोबर नाही. प्रश्नांना उत्तरे देताना आपली उजळणी होते. मग तो लाभ एकट्या ताईलाच का मिळावा? पाळ्या लावा. एक तास ताईचा, एक तास दादाचा. आणि तेवढा वेळ आई डोळे मिटून स्वस्थ बसेल.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. सुटीच्या अभ्यासात पाठांतराबरोबर एवढे द्यावे: 'प्रवासात धाकट्या भावंडाने विचारलेले पाच प्रश्न लिहून आणा.' उत्तरे नसली तरी चालतील. सुटीनंतरच्या पहिल्या तासाला वर्गात ते प्रश्न वाचून दाखवावेत. धड्यातल्या प्रश्नांपेक्षा ते अवघड निघाले, तर नवल वाटू नये.

तेव्हा मित्रहो, येत्या सुटीत गाडीत चढलात, की खिडकीजवळची जागा धाकट्याला द्या आणि तुम्ही त्याच्या शेजारी बसा. हात आणि डोके बाहेर काढू नको, एवढे त्याला बजावा आणि मग त्याला हवे ते विचारू द्या. एखाद्या प्रश्नाचे उत्तर आले नाही, तर "मलाही माहीत नाही, घरी गेल्यावर आपण दोघे शोधू," असे सांगा. आणि शोधा मात्र नक्की.