आटपाडीचा 70 लाखांचा मेंढा: विकला न गेलेल्या मालाचा भाव काय?

डिसेंबर 2020 मध्ये आटपाडीच्या बाजारात एका मेंढ्याला 70 लाखांची मागणी आली आणि मालकाने ती नाकारली. त्यांना दीड कोटी हवे होते. मेंढ्याचं मूळ नाव सर्जा, पण लोक त्याला 'मोदी' म्हणायचे. बातमी देशभर गेली, ती या नावामुळेही.

एवढे पैसे कशाचे?

मेंढा माडग्याळ जातीचा. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून हे नाव पडलं. उंच बांधा आणि पोपटासारखं बाकदार नाक ही त्याची ओळख. इथे मटणाचा हिशेब लागत नाही, पैसे पैदाशीचे असतात. अशा मेंढ्याच्या पिल्लांनाही लाखांत गिऱ्हाईक मिळतं.

आता अमेरिकेतलं उदाहरण बघा. बेसबॉलपटू मिकी मँटलचं 1952 सालचं पुठ्ठ्याचं कार्ड ऑगस्ट 2022 मध्ये लिलावात 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. तेव्हाचे साधारण 100 कोटी रुपये! विकणाऱ्याने ते 1991 मध्ये 50 हजार डॉलरला घेतलं होतं.

हौस दोन्हीकडे सारखीच. पण कार्डाचा व्यवहार पूर्ण झाला, आकडा नोंदला गेला. आटपाडीचे 70 लाख ही फक्त बोली होती. शिवाय कार्डाचा दर्जा त्रयस्थ संस्था तपासते. पिल्लाचा बाप कोण, हे मात्र बहुतेक वेळा विकणाराच सांगतो.

त्यामुळे कर्ज काढून पिल्लू घेणाऱ्या मेंढपाळाने बातमीतला आकडा बाजूला ठेवून याच रक्ताची पिल्लं खरोखर कितीला गेली, हे आधी विचारावं. कार्ड 31 वर्षं सांभाळता आलं. मेंढ्याला रोज चारा लागतो, आणि पैदाशीची वर्षं मोजकीच असतात.