पावसाचा हिशेब आणि मुंबईचे नाले

दर वर्षी मे महिना संपत आला की मुंबई महानगरपालिका नाल्यांतून किती गाळ काढला याचा आकडा जाहीर करते. आकडा टनांत असतो. ठरलेल्या उद्दिष्टापैकी किती टक्के काम पार पडले तेही सांगण्यात येते, आणि विरोधी पक्षांचे पुढारी नाल्याच्या काठावर उभे राहून ते टक्के खोटे असल्याचा निर्वाळा देतात. पुढे पाऊस पडतो, हिंदमाता, शीवचे गांधी मार्केट, अंधेरी आणि मिलन सबवे येथे पाणी तुंबते, लोकलगाड्या खोळंबतात, आणि टनांचा वाद पुढच्या मे महिन्यापर्यंत मिटतो. या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो. नाले अगदी तळापर्यंत स्वच्छ असते, तरी पडलेले पाणी त्यांतून वाहून गेले असते काय?

मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांचा मूळ हिशेब तासाला २५ मिलिमीटर पावसाचा आहे, आणि तोही समुद्राला ओहोटी असेल असे गृहीत धरून. शिवाय पडलेल्या पावसापैकी निम्मा जमिनीत मुरेल व उरलेला निम्माच गटारात येईल, असे त्यात मानलेले होते. हा हिशेब ज्या काळी मांडला गेला त्या काळी तो अडाणीपणाचा नव्हता. घरांमागे वाड्या होत्या, साष्टीत भाताची खाचरे होती, रस्त्याच्या कडेला माती होती. आज माती शोधावी लागते. १९९३ साली ‘ब्रिमस्टोवॅड’ या काहीशा अवघड नावाने ओळखला जाणारा अहवाल महापालिकेच्या हाती आला. त्याने तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरण्याची शिफारस केली व जमिनीत पाणी मुरेल ही आशा जवळजवळ सोडूनच दिली.

या दोन आकड्यांतील अंतर किती, हे वाचकांनी स्वतः गणित करून पाहावे. शाळेतल्या मुलालाही ते जमेल. एक हेक्टर जमिनीवर तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर अडीच लाख लिटर पाणी होते. त्यातले निम्मे मुरले, तर गटारात सव्वा लाख लिटर आले. पाऊस ५० मिलिमीटर धरला आणि काहीच मुरले नाही, तर त्याच हेक्टरवरून पाच लाख लिटर पाणी येते. म्हणजे गरज दुप्पट झालेली नाही, ती चौपट झाली आहे. हे १९९३ सालीच लेखी सांगितले गेले होते. तरीही पुढील बारा वर्षे तो अहवाल बहुतांशी कपाटातच राहिला.

कपाट उघडले ते २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच २४ तासांत कुलाब्याला पडलेला पाऊस होता सुमारे ७४ मिलिमीटर. एकाच शहरातील ही दोन ठिकाणे आहेत. दुपारच्या एका तासात सांताक्रूझला तर १९० मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि नेमकी त्याच सुमारास भरती होती. त्या रात्री कचेऱ्यांतून निघून कमरेएवढ्या पाण्यातून घरी चालत गेलेले हजारो लोक आजही या शहरात आहेत. त्यांना ही आकडेवारी सांगण्याची गरज नाही. जे घरी पोहोचलेच नाहीत त्यांची संख्या मुंबईत शेकड्यांत आणि त्या आठवड्यातील राज्यभरच्या अतिवृष्टीत हजाराच्या वर गेली.

एवढ्या पावसाला पुरून उरेल असा नाला जगातील कोणतेही शहर बांधू शकणार नाही, हे येथे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. तासाला ५० मिलिमीटरची संपूर्ण योजना त्या दिवसापूर्वी पुरी झाली असती, तरी उपनगरे बुडालीच असती. तथापि एवढे म्हणून हात झटकणे योग्य नाही. नाल्यात न मावणारे पाणी कोठेतरी उभे राहणारच असेल, तर ते कोठे, किती खोल आणि किती तास उभे राहावे, हे ठरविणे माणसाच्या हाती असते. ते मैदानात उभे राहील की रुग्णालयाच्या तळमजल्यावर, रस्त्याच्या मध्यभागी की चाळीतल्या खोल्यांत, हाच खरा नियोजनाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर तासाच्या सरासरी पावसाला क्षेत्रफळाने गुणून मिळत नाही.

आपल्याकडील नगरपालिकांत आजवर प्रचलित असलेली रीत हीच गुणाकाराची आहे. तिच्यातून एक आकडा मिळतो: जास्तीत जास्त किती पाणी येईल. त्या आकड्याला पुरेल एवढी वाहिनी टाकली की अभियंत्याचे काम संपले. वाहिनी भरल्यावर काय होते, पाणी मागे कोठवर फुगते, कोणत्या झाकणातून वर येते, रस्त्याच्या उताराने कोणत्या गल्लीत शिरते, याविषयी ही रीत काहीच बोलत नाही. पुराचे गणिती प्रतिमान नेमके हे सांगते. त्यात शहराचा चढउतार, नाल्यांचे जाळे, पाऊस आणि समुद्राची पातळी ही सारी एकत्र मांडून पाण्याचा प्रवास मिनिटामिनिटाने पाहिला जातो. या गणिताची मूळ समीकरणे सँ-व्हेनाँ या फ्रेंच अभियंत्याने १८७१ सालीच मांडली आहेत, आणि ती सोडविणारी संगणकाची आज्ञावली अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने कोणालाही फुकट मिळेल अशी ठेवली आहे. तेव्हा अडचण विद्येची नाही आणि यंत्राचीही नाही.

अडचण मोजमापाची आहे. समुद्राचीच गोष्ट घ्या. मुंबईचे पावसाचे पाणी समुद्रात व खाड्यांत सोडणारी १८६ पातमुखे आहेत. त्यांतील ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत, १३५ भरतीच्या पातळीखाली आहेत, आणि भरतीतही मोकळी राहतील अशी केवळ सहा आहेत. म्हणजे दिवसातून दोनदा हे शहर स्वतःच आपली मोरी बंद करून घेते. सकाळी ओहोटीत पडलेला जो पाऊस निमूटपणे वाहून जातो, तोच दुपारी भरतीत पडला तर परळ बुडवतो. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध येथे उदंचन केंद्रे उभी राहिली ती याचसाठी, आणि त्यांचा उपयोग झाला नाही असे कोणी म्हणणार नाही. पण मोगरा आणि माहूल येथील केंद्रे वर्षानुवर्षे रखडली, आणि त्या विलंबाची किंमत किती घरांनी किती पावसाळ्यांत मोजली, हे सांगणारा कागद कोणाच्या टेबलावर नसतो. प्रतिमानातून तो काढता येतो.

माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने २००६ साली पर्जन्यमापकांच्या दाट जाळ्याचा आणि शहराच्या चढउताराच्या बारीक नकाशांचा आग्रह धरला, तो याच कारणाने. ९४४ आणि ७४ या दोन आकड्यांची सरासरी काढून मुंबईचा पाऊस कळत नाही. स्वयंचलित पर्जन्यमापके पुढे बसली, ही जमेची बाजू. जून २०२० मध्ये केंद्राच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने महापालिकेच्या सहकार्याने ‘आयफ्लोज’ ही पूर-इशाऱ्याची व्यवस्था सुरू केली. पाऊस, भरती, नद्या-तलाव आणि नाले यांची सांगड घालणारे हे काम चांगले आहे. परंतु त्याचा हेतू मुख्यतः पूर्वसूचनेचा आहे. उद्या दुपारी पाणी चढणार असे कळले, तर शाळा लवकर सोडता येते. दहा वर्षांनी त्याच शाळेच्या दारात पाणी का चढावे, याचे उत्तर नियोजनाच्या टेबलावरच द्यावे लागेल. आणि तेथे हे प्रतिमान रोजच्या कामाचे हत्यार व्हायला हवे.

तसे झाले नाही तर काय होते ते रस्त्यांच्या काँक्रिटीकरणात दिसते. रस्ता उंचावला की शेजारच्या जुन्या चाळीचे जोते खाली जाते. जे पाणी काल रस्त्यावर होते ते आज पहिल्या खोलीत येते. कागदावर ‘पाणी तुंबण्याचे एक ठिकाण कमी झाले’ अशी नोंद होते. पाणी कमी झालेले नसते, ते केवळ सरकलेले असते, आणि बहुधा ज्याची तक्रार कोणी ऐकत नाही अशाच माणसाकडे सरकलेले असते. हिंदमाताच्या बशीसारख्या सखल भागातले पाणी साठविण्यासाठी अलीकडे जवळच्या मैदानांखाली टाक्या बांधण्यात आल्या. पाण्याला शेजाऱ्याकडे न ढकलता जागा देण्याचा तो विचार स्वागतार्ह आहे. याउलट उदाहरण २६ मे २०२५ चे. त्या दिवशी मान्सून मुंबईत आजवरच्या नोंदींत सर्वांत लवकर पोहोचला, आणि पंधरवड्यापूर्वीच खुल्या झालेल्या वरळीच्या आचार्य अत्रे चौक भुयारी मेट्रो स्थानकात पाण्याचा लोंढा शिरला. कोट्यवधी रुपयांच्या बांधकामाला पावसाळ्याचा हिशेब जूनपासून धरण्याची जुनी सवय भोवली, असे म्हणावे लागते.

प्रतिमानावर आंधळा विश्वास ठेवावा असे मात्र कोणी समजू नये. नकाशात दाखविलेली वाहिनी जमिनीखाली खचलेली असेल, तिच्यातून कोणी केबल नेली असेल, तर संगणक सफाईने खोटे उत्तर देईल. यास्तव प्रत्येक पावसाळ्यानंतर त्याचे उत्तर प्रत्यक्षाशी ताडून पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी लागणारी साक्ष लोकांपाशीच आहे. शीव-कुर्ल्याच्या कित्येक घरांच्या भिंतींवर २००५ च्या पाण्याची रेघ होती. किराणा दुकानदार सर्वांत खालचे फडताळ कोणत्या उंचीवर ठोकतो, हे मोजायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांकडून अशा खुणांची पद्धतशीर नोंद विभागवार करून घेता येईल. त्यांवरून सिद्ध झालेले नकाशे प्रत्येक विभाग कार्यालयात भिंतीवर लावले, तर घर घेणाऱ्या कारकुनाला आपण कोणत्या पातळीवर कर्ज काढीत आहोत ते कळेल. बिल्डरांना हे आवडणार नाही, हे उघड आहे.

या सर्व विवेचनाला एक निकडीचे निमित्त आहे. धारावीच्या पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्यांना भाड्याची घरे देण्यासाठी कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड येथील मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन वापरण्यास २०२४ साली मंजुरी देण्यात आली. मिठागरे ही पूर्व उपनगरांची सखल जमीन. भरतीचे आणि पावसाचे पाणी पसरते ते तेथे. तेथे भराव घातल्यास ते पाणी भांडुपच्या वस्त्यांत किती इंच चढेल, की चढणारच नाही, याविषयी सरकार एक सांगते आणि पर्यावरणवादी दुसरे. दोघांपैकी कोण बरोबर हे घोषणांनी ठरणार नाही. भरावासह आणि भरावाविना, भरतीत आणि ओहोटीत, २००५ चा पाऊस धरून आणि नेहमीचा धरून हे गणित करावे, त्यामागची मोजमापे खुली करावीत, आणि तेथे राहायला जाणाऱ्या धारावीकरांना त्यांच्या इमारतीच्या जोत्यापाशी किती पाणी येईल ते भरावाची पहिली गाडी रिकामी होण्याआधी लेखी द्यावे.